पुराव्याचा हंडा

धुळ्याच्या एका लहान संग्रहालयात 'आपली माणसं' म्हणून एक भिंत करायची ठरली आणि निवड समितीत मला घेतलं. रिटायर्ड मास्तर, कुणाच्या अध्यात ना मध्यात, म्हणून. पहिल्याच बैठकीत मी नको तो शहाणपणा केला. जो तो आपल्या बापाचा फोटो काखोटीला मारून येणार हे दिसतच होतं, म्हणून नियम मांडला: कामाचा लेखी पुरावा असेल तरच फोटो. सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझे वडील सोनगीरला भांड्यांवर नावं कोरायचे. लग्नाची भांडी, गावपंगतीची भांडी. आसपासच्या किती घरांत त्यांचं अक्षर असेल, देव जाणे. प्रत्येक मजकुरानंतर तीन टिंबं द्यायचे, तीच त्यांची सही. स्वतःचं नाव मात्र कुठेच नाही. ते जाऊन बरीच वर्षं झाली. आता मुलगाच समितीत म्हटल्यावर आईला वाटलं, काम झालंच. रोज विचारायची, "तुना बापना फोटो लागना का रे?"

मी म्हणायचो, बघू. काय बघू, कपाळ माझं! नियम मीच केलेला.

शेवटच्या बैठकीला एका पुढाऱ्याचा मुलगा आला. वडिलांना दानशूर म्हणून भिंतीवर बसवायचं होतं. पुरावा मागितला, तर पठ्ठ्यानं पंगतीचा पितळी हंडाच टेबलावर ठेवला. त्यावर त्याच्या वडिलांचं पूर्ण नाव, पुढे 'यांजकडून गावास भेट', आणि तीन टिंबं.

मी हंडा माझ्याकडे ओढून घेतला.

"लेखी आहे ना, सर?" अध्यक्ष हसले.

"आणि कोरणाऱ्याचं काय?" मी विचारलं.

"त्याचं नाव कुठंय यावर?"

सांगता आलं असतं. पण लगेच म्हणाले असते, आला हा पण बापाला घेऊन. संताप आला, स्वतःचाच. तसाच सही करून मोकळा झालो. मोकळा कसला!

उद्घाटनाला आई आली. भिंतीवरचे फोटो शेवटपर्यंत बघत गेली, मग पुन्हा पहिल्यापासून. खाली हंडा मांडला होता, तिथं थांबली. टिंबांवरून बोट फिरवलं.

"हाई तेस्नं अक्षर शे," ती एवढ्या मोठ्यानं म्हणाली की लोक वळले. मग माझ्याकडे बघून हळूच, "तू वळखं नही का?"

"वळखं," मी म्हणालो.

त्यानंतर आईनं फोटोचं एकदाही विचारलेलं नाही. विचारत राहिली असती तर बरं झालं असतं.