लेकीच्या घरचं पाणी

आम्ही जर्मनी सोडून परत आलो ते माझ्या वडिलांच्या पायासाठी. हे कारण कुणालाच पटत नसे. तिकडच्या शेजारणीला वाटलं, नवऱ्याची नोकरी गेली असणार. इकडच्या नातेवाइकांनाही तेच वाटलं, फक्त ते तोंडावर बोलले.

वडिलांना मी तात्या म्हणते. सोलापूरकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात ते हायस्कूलमध्ये शिपाई होते. ते घंटा वाजवायचे आणि मी त्याच शाळेत शिकायचे. आई लवकर गेली. पोरीला उजवून मोकळे व्हा, असं सगळे सांगत होते तेव्हा तात्यांनी मला सोलापूरला कॉलेजात घातलं. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. पुढे लग्न झालं, परदेशात इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, बर्फात चालायला शिकले. त्या सगळ्याच्या मुळाशी एक खाकी कपड्यातला माणूस होता, हे मी एक दिवसही विसरले नाही.

एका रविवारी शाळेच्या हेडमास्तरांचा तिकडे फोन आला. तात्यांना साखरेचा आजार होता, ते मला ठाऊक होतं. पायाला जखम झालीय आणि महिनोन् महिने भरत नाहीय, हे ठाऊक नव्हतं. "एकटे आहेत. कुणाला दाखवत नाहीत. फडकं गुंडाळून हिंडतात," हेडमास्तर म्हणाले. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. नवरा शेजारी येऊन बसला. तो म्हणाला, "जाऊ या परत."

पुण्यात त्याला काम मिळालं नाही, बंगळूरला मिळालं. चामराजपेटेत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली घरमालकीण राहत होत्या. शिंप्याचं घराणं, तीन पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं. सगळे त्यांना अक्का म्हणत, म्हणून आम्हीही. मराठी बोलायच्या, पण मधेच कन्नड शिरायचं. मला वाटलं, झालं. आता तात्यांना आणायचं, पाय बरा करायचा. लेक म्हणून एवढंच करायचं राहिलं होतं.

नवरा त्यांना स्टेशनवरून घेऊन आला तेव्हा रिक्षातून आधी पोतं उतरलं, मग वातीचा स्टोव्ह, मग तवा, मग तात्या.

"हे काय आणलंत तात्या?"

"माझ्या पोटाचं," ते म्हणाले. "ज्वारी हाय, डाळ हाय, शेंगाची चटणी हाय. तुला तरास नको."

मी हसले. मला खरंच गंमत वाटली. पाण्याचा तांब्या पुढे केला तर त्यांनी तो हातानेच मागे सारला आणि काठी टेकत खालच्या अंगणातल्या नळाकडे गेले. ओंजळीने पाणी प्यायले. वर बघून म्हणाले, "नळ सरकारचा हाय न्हवं?"

तेव्हा मला कळलं. आमच्याकडे जुनी माणसं पाळतात. मुलगी दिली की तिच्या घरचं अन्नपाणी आईबापांनी घ्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. नातवंड झालं की मोकळीक. माझ्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. इकडच्या-तिकडच्या डॉक्टरांनी आशा ठेवू नका असंच सांगितलेलं. तात्यांना हे माहीत होतं. त्यांनी तो विषय कधी काढला नव्हता, आणि आता गॅलरीत स्टोव्ह मांडत होते.

डॉक्टरांनी पाय बघून मला बाहेर बोलावलं. रोज ड्रेसिंग, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात पोटात अन्न गेलंच पाहिजे, नाहीतर रक्तातली साखर एकदम उतरून शुद्ध जाते. आणि या पायावर चालायचं नाही. चालले तर गुडघ्याखालून कापावा लागेल. इतकं स्पष्ट सांगितलं. मी प्रयोगशाळेत काम केलेली बाई, मला त्यातला शब्द न् शब्द समजत होता. तो न समजता तर बरं झालं असतं असं पुढे कितीदा वाटलं.

सुरुवातीचे दिवस निभावले. मी इंजेक्शन द्यायची, तात्या गॅलरीत बसून भाकरी थापायचे, चटणीशी खायचे. ज्वारी दळून आणायला मी जायची. गिरणीवाला आधी सगळ्यांची नाचणी उरकायचा आणि मग आमच्या ज्वारीकडे बघून तोंड वाकडं करायचा. अंगणातून नळाचं पाणीही मीच भरून द्यायची. नळ सरकारचा, दाणे त्यांचे, माझे फक्त हात. एवढं त्यांना चालत होतं. जखमेच्या कडा लाल व्हायला लागल्या. लाल म्हणजे जिवंत. मी रात्री नवऱ्याला सांगायची, "भरतेय रे."

अक्का वर येऊन दारात उभ्या राहायच्या. "अय्यो, लेकीचं घर आणि बापाची चूल वेगळी! आमचे आजोबा पण असंच करायचे. पण पाच पोरं झाली माझ्या आत्याला, मग स्वल्प मऊ झाले."

त्या सहज बोलून गेल्या. तात्यांनी भाकरी उलटली. मी आत गेले.

पोतं उतरत चाललं तशी मी रोज त्याच्याकडे बघायला लागले. ज्वारी संपली की तात्या गावी जाणार, हे त्यांनी सांगितलेलंच होतं. "पोटाचं संपलं की निघायचं. पाव्हण्यांच्यात किती दिस ऱ्हायचं?" गावी म्हणजे त्या दोन खोल्या. तिथे ना ड्रेसिंग, ना इंजेक्शन देणारं कुणी, आणि पाण्यापासून परसापर्यंत सगळं चालून.

नवऱ्याला माझी अवस्था बघवेना. एका शनिवारी तो यशवंतपूरच्या बाजारातून ज्वारी घेऊन आला आणि तात्या झोपले असताना पोत्यात ओतली. मी बघत होते. मी नको म्हटलं नाही. उलट मला इतकं हलकं वाटलं की त्या रात्री मी पोटभर जेवले. पुढच्या शनिवारी त्याने परत ओतली.

"पाव्हणं," तात्या एके सकाळी म्हणाले, "पोतं फुगतंय."

"बंगळूरची हवा दमट आहे तात्या. दाणे फुगतात," नवरा म्हणाला.

तात्या हसले. बंगळूरला आल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने हसले. मग त्यांनी पोत्याचं तोंड सुतळीने बांधलं आणि ते भिंतीकडे सरकवलं. "झकास केलंत. आता ह्यातलं माझं कुठलं आन् तुमचं कुठलं?"

त्या पोत्यातला दाणा त्यांनी परत घेतला नाही. मी म्हटलं, तुमच्या पेन्शनच्या पैशांनी मी दुकानातून आणून देते. ते म्हणाले, "तू आणशील ते तुझंच आसनार. आता इस्वास कसा ठेवू बाळ?" अक्का म्हणाल्या, मी देते दोन भाकऱ्या, मी कुठे तुमची लेक? तात्यांनी हात जोडले. "रोज दुसऱ्याच्या दारात जेवायला मी काय भिकारी हाय का?"

कोपऱ्यावर एक इडलीचं हॉटेल होतं. तात्या काठी घेऊन तिकडे जायला लागले. सकाळी इंजेक्शन, मग जिना, मग रस्ता, इडली, परत जिना. संध्याकाळी तेच. मी पुढे जाऊन रिक्षा उभी करायची; ते रिक्षाला वळसा घालून चालायचे. हॉटेलातून डबा भरून आणते म्हटलं तर म्हणाले, हॉटेलवाल्याला तू गुपचूप पैसे चारशील. ड्रेसिंग सोडलं की फडक्याला पाणी लागलेलं दिसायचं. लाल कडा परत पांढुरक्या झाल्या. मग करड्या.

एका दुपारी माझा तोल गेला. पट्टी गुंडाळता गुंडाळता मी ओरडले, "मला मूल होणार नाही तात्या! कधीच होणार नाही. मग काय उपाशी मरणार तुम्ही माझ्या घरात?"

त्यांनी सुटलेली पट्टी हाताने धरली. मग हळू म्हणाले, "आसं बोलू न्हाई. तिन्हीसांजेला तर न्हाईच."

"दुपार आहे!"

"दुपारी पन न्हाई."

मी रडत होते आणि मला हसूही येत होतं. यांच्याशी भांडायचं तरी कसं? ते मला दुखवायला हे करत नव्हते. माझं अन्न खाल्लं तर माझ्याच घराचं वाईट होईल, अशी त्यांची श्रद्धा होती. माझ्या नवऱ्याचं, माझ्या न झालेल्या मुलाचं. ते माझ्यासाठी उपाशी राहत होते, आणि मी त्यांच्यासाठी देश बदलून आले होते. दोघांचंही प्रेम त्या एका पायावर येऊन पडत होतं.

मग तो बंदचा दिवस आला. कसला बंद होता ते आता आठवत नाही. त्या काळात शहर अधूनमधून बंद व्हायचं. मला सकाळी ठाऊकच नव्हतं. मी नेहमीसारखं इंजेक्शन दिलं, तात्या काठी घेऊन उतरले. मी दूध तापवत होते. खालून अक्कांची हाक आली, "अहो, तुमचे अप्पा कुठं चालले? सगळं बंद आहे न्हवे आज!"

मी तशीच पळाले. मग परत वर आले, साखरेचा डबा आणि पाण्याची बाटली घेतली आणि पळाले. हॉटेलचं शटर खाली होतं. पुढचं हॉटेलही बंद. रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी तात्या, तात्या करत गल्ल्या धुंडाळत होते. कुणी दिसलं तरी विचारायचं कुठल्या भाषेत, हे सुचत नव्हतं. माझ्या देशात परत आले होते मी, आणि माझा बाप हरवलाय हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हते. हिंदी, इंग्रजी, सगळं डोक्यातून गेलं होतं. एका बाईला तर मी जर्मनमध्ये विचारलं.

ते पिठाच्या गिरणीच्या पायरीवर सापडले. गिरणी बंद. अंगाला घाम सुटलेला, सदरा चिंब भिजलेला. मला बघून म्हणाले, "घंटा झाली का?" डोळे भलतीकडेच लागले होते.

मी बाटलीत साखर ओतली, हलवली, त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडात पाणी सोडलं. अर्धं बाहेर ओघळलं. मी नुसती साखर बोटाने त्यांच्या हिरडीला लावत राहिले. पायाची पट्टी काळी पडली होती आणि पायरीवर ओला डाग उमटला होता. किती वेळ गेला माहीत नाही. हळूहळू त्यांची नजर माझ्यावर स्थिरावली. त्यांनी ओठ चाटले.

"साखर कुनाची?"

खोटं बोलता आलं असतं. अक्कांची, म्हणायचं. मला बोलवेना.

"माझी."

त्यांनी डोळे मिटले. त्यातून पाणी आलं. मी म्हटलं, "तात्या, सगळं तुमचंच आहे. मीसुद्धा तुमचीच आहे."

"न्हाई गं," ते म्हणाले. "दिलेलं माघारी घेत नसत्यात."

डॉक्टरांनी त्या दिवशी अंगठा काढला. बाकीचा पाय राहील का, हे आता मला नाही, यांनाच विचारा, असं म्हणाले आणि तात्यांकडे बोट दाखवलं. इस्पितळात तात्या व्यवस्थित जेवले. ते अन्न इस्पितळाचं होतं. घरी आले आणि पहिल्याच सकाळी काठीला हात घातला. मग म्हणाले, "मला गावाला सोड बाळ. हितं माझ्यामुळं तुला पाप लागंल."

अक्का पायाशी बसल्या होत्या. त्यांनी खूप समजावलं, रागावल्या, शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सरी, बरं, जाऊ द्या त्यांना. दगडाला किती धुणार?"

मी जाऊ दिलं. तिकीट काढलं. नवऱ्याने त्यांना उचलून डब्यापर्यंत नेलं. जावयाच्या खांद्यावर बसायला तात्यांची ना नव्हती, आणि याही स्थितीत मला त्या नियमाचं आश्चर्य वाटलं. गाडी सुटायला अवकाश होता. नवऱ्याने त्यांच्या शेजारी माझी बॅग ठेवली. ड्रेसिंगचं सामान, सुया, थर्मासात बर्फावर ठेवलेलं इन्सुलिन.

आदल्या रात्री त्याने एवढंच विचारलं होतं, "किती दिवस?" मी म्हटलं होतं, माहीत नाही. तो म्हणाला, "जर्मनी सोडताना वाटलं होतं, आता तरी एका घरात राहू." त्याचा आवाज रागाचा नव्हता. म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

तात्यांनी बॅगेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तू कुठं निघालीस?"

"तुमच्या घरी. तुम्ही इथं जेवत नाही ना? मग मी तिथं जेवते. बापाच्या घरचं खायला लेकीला बंदी आहे का?"

"न्हाई," ते अडखळले. "ती न्हाई." त्यांनी खिडकीबाहेर उभ्या जावयाला बघितलं. "आन् पाव्हण्यांचं जेवान?"

नवरा बाहेरून म्हणाला, "मी इडली खाईन तात्या."

तात्यांनी मान खाली घातली. गाडी हलली तरी त्यांनी ती वर केली नाही. मी हात हलवत होते, नवरा डब्याबरोबर चालत होता, मग धावत, मग फलाटच संपला. मी खाली बसले आणि त्यांचा पाय उचलून माझ्या मांडीवर घेतला. पट्टी कोरडी होती. सोलापूर यायला रात्र जायची होती, आणि तोवर त्यांना चालायची गरज नव्हती.