कार्डावरचे साडेचारशे

डॉक्टर पर्सेलला मी भर चर्चच्या पार्किंगमध्ये, चाळीस-पन्नास माणसांसमोर खोटारडा म्हटलं. पाद्री तिथेच उभा होता, हातात डोनट घेऊन. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

माझा नवरा डेलमार ह्रुस्का जुन्या गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स खोलतो आणि नव्याने बांधतो. इथे मॅन्सफिल्डमध्ये आमच्या घरामागेच दुकान आहे, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. एक्केचाळीस वर्षं तो तिथे उभा आहे. त्याचं कामाचं टेबल इतकं स्वच्छ की तो त्यावरच सँडविच खातो. गिअरबॉक्सच्या प्लेटी आदल्या दिवशी तेलात भिजत घालतो, दुसऱ्या दिवशी एकेक लावतो, मधली फट आधी बोटाने बघतो आणि मग मापाने. दोन्ही उत्तरं सारखीच येतात. बोलणं मात्र जवळजवळ नाहीच. लग्नात ‘हो’ म्हणाला तेही पाद्रीने दुसऱ्यांदा विचारल्यावर.

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझं. साध्या गाडीचा गिअरबॉक्स दोन हजार डॉलरमध्ये होतो. इंजिन साडेचारशे-पाचशे हॉर्सपॉवरचं असेल तर तीन हजाराच्या आसपास. सातशेच्या वर गेलं की सहा हजार, कारण आतलं जवळजवळ सगळं बदलावं लागतं. मुख्य म्हणजे ड्रम, ज्याच्यात त्या प्लेटी बसतात. गाडीबरोबर आलेला ओतीव ड्रम साडेचारशेला जन्मभर टिकतो. सातशेला तो फुटतो, आणि फुटतो तो ड्रायव्हरच्या पायांशी. चांगला पोलादी ड्रम घालायचा तर त्या एकट्याचेच सातशे डॉलर.

म्हणून लोक खोटं बोलतात. दारू प्यायला बसले की इंजिनाची ताकद शंभराने वाढते, माझ्या काउंटरपाशी आले की दोनशेने उतरते. घरी बायकोला खर्च सांगतात तो तर निम्मासुद्धा नसतो. त्या बायका मला फोन करतात ना, म्हणून माहीत.

डेलमारची यावर एक पद्धत होती. गाडी दारात आली की हात पुसत बाहेर जायचा आणि म्हणायचा, “चालू राहू दे.” मान खाली घालून इंजिनाचा आवाज ऐकायचा. मग म्हणायचा, “जरा पाय दे,” म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाब. एवढंच. गिऱ्हाईक म्हणायचं चारशे, हा म्हणायचा बरं, आणि आत जाऊन बांधायचा सहाशेचा. पैसे मात्र चारशेचेच. असं किती वर्षं चाललं होतं कोण जाणे. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी तो आठवडाभर दवाखान्यात होता तेव्हा सुट्या भागांची बिलं माझ्या हाती लागली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आमचं छप्पर गळतंय, माझ्या दोन दाढा कधीच्या काढायच्या आहेत, आणि हा गृहस्थ वकिलांना आणि घरदलालांना पोलादी ड्रम फुकट वाटतोय.

“तू काय धर्मादाय दवाखाना उघडलायस?” मी त्याला विचारलं.

“मरतील ते, नोरीन.”

“मग खरं बोलू देत.”

“बोलत नाहीत.”

“मग ते आणि त्यांचं नशीब. आपण का भुर्दंड सोसायचा?”

त्याच आठवड्यात मी कार्डं छापून आणली. इंजिनाची ताकद गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहायची, खाली सही करायची, आणि वर ठळक अक्षरात: याच आकड्यावर काम होईल. डेलमारला बजावलं, कार्डावर आहे तेवढंच घालायचं, एक स्क्रूसुद्धा जास्त नाही. त्यावर दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही, म्हणजे तसा फारसा फरक पडला नाही. मग ऐकलं त्याने. पुढच्या वर्षी छप्पर झालं. दाढाही काढल्या. या अकलेबद्दल मी स्वतःची पाठ किती वेळा थोपटून घेतली असेल.

गेल्या वर्षी मार्चमध्ये डॉक्टर पर्सेल आला. दातांचा डॉक्टर, पांढरे शुभ्र बूट, निळी शेवेल गाडी, १९७० सालची. डेलमार नेहमीसारखा बाहेर गेला, उभा राहिला, आत आला.

“ताकद किती?” मी कार्ड पुढे सरकवलं.

“साडेचारशे. फार तर.”

“लिहा.”

“तुमचा विश्वास नाही वाटतं माझ्यावर?”

“माझा कुणावरच नाही, डॉक्टर. सही इथे.”

एकोणतीसशे डॉलर ऐकून त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याची किडनी मागितली. एका दाताच्या टोपीचे हाच माणूस बाराशे घेतो, भूल वेगळी. “काहीतरी कमी करा ना,” म्हणाला. मी म्हटलं, “तुमच्याकडे मी दाढा काढल्या तेव्हा तुम्ही केलं होतं?”

जूनमध्ये गाड्या पळवायच्या मैदानावर सरावाचा दिवस होता. पर्सेलने पहिली फेरी स्वतः मारली आणि दुसऱ्या फेरीला मुलीला बसवलं. टेसा, बावीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली. निघण्याआधी टायर गरम करायला मागची चाकं जागेवरच फिरवतात, तेवढ्यातच ड्रम फुटला. एक तुकडा गाडीचा तळ फाडून वर आला आणि तिच्या उजव्या पायात घुसला. टाच गेली, दोन बोटं गेली.

आणि मग हा पर्सेल गावभर सांगत सुटला की ह्रुस्काने बांधलेला गिअरबॉक्स फुटला. इंटरनेटवर फोटो टाकले. दवाखान्यात येईल त्याला सांगितलं, म्हणजे लोकांची तोंडं उघडी आणि उत्तर देता येत नाही तेव्हा. मी कार्ड काढून बसले, पण कार्डाचा काय उपयोग? ते तर त्याच्याच बाजूने बोलत होतं. साडेचारशे सांगितले, साडेचारशेला फुटला, मग चूक कुणाची? बांधणाऱ्याची. ज्याने त्याचं इंजिन बांधलं त्याला फोन केला तर तो म्हणाला, “गिऱ्हाइकाची माहिती मी देत नाही.” आठवड्याभरात आमच्या दारातून चार गाड्या परत गेल्या.

डेलमार हॉस्पिटलमध्ये फुलांची कुंडी घेऊन गेला होता. पर्सेलने त्याला दारातूनच परत पाठवलं. तो घरी आला, दुकानात जाऊन कामाच्या टेबलावर चादर घातली आणि स्वयंपाकघरात येऊन बसला.

“माझीच चूक आहे,” म्हणाला.

“तुझा हात चुकत नाही.”

“अडुसष्ट वर्षांचा झालोय मी, नोरीन.”

“म्हणून काय झालं? प्लेटी उलट्या घातल्यास? रिंग विसरलास? काय चुकलं ते सांग.”

सांगेना. कार्ड त्याच्यासमोर धरलं तर म्हणाला, “ठेव ते.” तीन महिने तो माणूस त्या खुर्चीत बसून होता. काम गेलं तर जाऊ दे, आमचं पोट भरेल कसंतरी. पण एक्केचाळीस वर्षांचा कारागीर स्वतःच्या हातांकडे संशयाने बघत बसलाय हे मला सहन होईना. पर्सेलचं नाव जरी निघालं तरी माझ्या हातातली भांडी आपटली जायची.

सप्टेंबरात चर्चच्या पार्किंगमध्ये जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं. दरवर्षी भरतं. गाडीचं बॉनेट उघडं ठेवायचं, शेजारी घडीच्या खुर्चीत बसायचं आणि समोर पाटी लावायची: गाडी कुठल्या सालची, रंग कुणी दिला, इंजिनात काय काय घातलंय. माझ्या काउंटरपाशी ज्यांच्या तोंडून खरा आकडा निघत नाही ते इथे तो छापून, चौकटीत घालून लावतात. मी पर्समध्ये कार्ड टाकलं आणि गेले.

शेवेल होतीच तिथे. तळ नवा, गिअरबॉक्सही नवा, कोलंबस शहरातून बांधून आणलेला. पाटीवर होतं: इंजिन २०१९ मध्ये बांधलेले. ७४० हॉर्सपॉवर. मशीनवर मोजलेले.

पर्सेलभोवती सात-आठ जण जमेपर्यंत मी थांबले. मग पुढे झाले.

“डॉक्टर, हे सातशे चाळीस खरे आहेत की पाटीपुरते?”

मला बघून तो जरा गडबडला. पण शेजारच्या लाल गाडीवाला हसला, आणि त्या हसण्यापुढे याला माघार घेता येईना.

“मोजलेत. कागद आहे गाडीत.”

“आणि २०१९ पासून इंजिन हेच? नंतर काही घातलं नाही?”

“बोल्टसुद्धा हलवलेला नाही.”

मी कार्ड काढलं. “मग हे साडेचारशे कुणाच्या अक्षरात आहेत?”

त्याचा रंगच उडाला. “अहो नोरीन, सगळेच थोडं कमी सांगतात.”

“थोडं? दोनशे नव्वद तू खाल्लेस. तीन हजार डॉलर वाचवायला. आणि पोरीला बसवलंस त्या गाडीत. खोटारडा आहेस तू, आणि वर माझ्या नवऱ्याच्या नावाने तीन महिने बोंबलतोयस.”

निम्मे पुरुष स्वतःच्या बुटांकडे बघत होते, कारण त्यांचीही कार्डं माझ्या खणात आहेत. टेसा गाडीमागे खुर्चीत बसली होती. काठी टेकत आली, माझ्या हातातून कार्ड घेतलं, वाचलं. “डॅड, तुझंच अक्षर आहे,” एवढं म्हणाली, कार्ड मला परत दिलं आणि त्याच्याकडे न बघता फाटकाकडे चालू लागली.

मी घरी आले ती जवळजवळ धावतच. डेलमार दुपारचं सूप पीत होता. त्याच्यासमोर कार्ड ठेवलं, पाटीचा फोटो ठेवला.

“सातशे चाळीस. बघ. सगळ्यांसमोर कबूल केलं त्याने. तुझी काही चूक नव्हती. आता ती चादर काढ.”

त्याने फोटो बघितलाच नाही. चमचा खाली ठेवला.

“मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“तो दारात आला तेव्हाच ऐकलं मी. सातशेच्या वर होतं. थोडं नाही, चांगलंच वर.” हे तो हळू बोलला, कुणाला दोष देतोय असं नाही. “पोलादी ड्रम काढला होता, नोरीन. टेबलावर ठेवला होता. मग तुझं कार्ड वाचलं आणि परत फळीवर ठेवून दिला.”

तीन महिने तो मला सांगत नव्हता ते काय, हे मला तेव्हा कळलं. सांगितलं असतं तर माझं नाव घ्यावं लागलं असतं.

दुकानात जाऊन बघितलं. ड्रम होता फळीवर, डब्यात, वर डेलमारच्या अक्षरात चिठ्ठी: पर्सेल. सातशे डॉलरची वस्तू. असल्याच न घातलेल्या ड्रमांच्या पैशांत आमचं छप्पर झालं होतं. पर्सेलवर मी आजही चिडलेली आहे आणि मरेपर्यंत चिडलेली राहीन, पण आता त्याला शिव्या घालायला तोंड उघडलं की मधेच तो डबा आठवतो आणि वाक्य पुरं होत नाही.

सोमवारी एक पिवळी मस्टँग आली. मालक काउंटरपाशी आला आणि सवयीने हात पुढे केला. “कार्ड द्या. चारशे आहेत.”

“कार्डं संपली,” मी म्हटलं. “गाडी चालू कर.”

“आत्ता?”

“आत्ता. आणि चालूच राहू दे.”

मी घराकडे तोंड करून डेलमारला हाक मारली. आला नाही. दुसऱ्यांदा मारली. मालक घड्याळ बघायला लागला, पेट्रोल जळतंय म्हणाला. मी म्हटलं, जळू दे. मग मागचं दार वाजलं आणि डेलमार सपाता घालूनच अंगणात आला, मान खाली घालून उभा राहिला.

“जरा पाय दे,” म्हणाला.