गाऱ्हाण्यात घेतलेलं निभजचं नाव

आधीच सांगून टाकते, देवचार, भूतबाधा असलं काही कानावर आलं की माझं डोकं फिरायचं. मी मालवणात प्राथमिक शाळेत शिकवायचे. देव मानायचे, पण तो रविवारी चर्चमधल्या मिसाच्या प्रार्थनेपुरता.

साठ सालच्या जरा आधीची गोष्ट. आमचं घर दांडीच्या किनाऱ्याला लागून. घरात आई, मी आणि धाकटा भाऊ इनास. इनास मंगळूरहून कौलं आणणाऱ्या शिडाच्या मचव्यावर खलाशी होता. त्या ऑक्टोबरात वादळ झालं, आणि मचवा यायच्या दिवसावर सहा दिवस उलटून गेले. आई हातातली रोझरीची जपमाळ सोडेना. मला ना घरात बसवे, ना शाळेत शिकवता येई... दिवसातून दहादा किनाऱ्यावर जाऊन यायचे.

सातव्या दिवशी सकाळी शेजारचे धोंडूकाका आले. गावाची गाऱ्हाणी तेच घालायचे. गाऱ्हाणं म्हणजे सगळ्या देवांना नावानिशी हाक मारून केलेली विनवणी – त्यात एकही देव सुटता कामा नये.

"बाये, इनासासाठी नारळ ठेवतंय. तुमच्यातले देव सांग, कोणच सुटाक नको."

"आमच्यात एकच देव, काका."

"असां कसां? तुझ्या बापाशीच्या पुस्तकात नावां आसतली."

बाबांनी कुठल्याशा फिरत्या विक्रेत्याकडून जुनं मराठी बायबल घेतलं होतं. आम्हा कॅथलिकांत ते घरी वाचायची तेव्हा रीत नव्हती, पण मी चोरून वाचायचे. त्या दिवशी काळजीनं जीव नुसता कातावला होता. फणकाऱ्यानं म्हटलं, "आसत तर! शोमरोन म्हणान शहरात परमुलखातली माणसां आणून वसवली, ती आपापले देव घेऊन इली. निभज, तर्ताक, अशीमा! पण ही नावां धिक्कार करूक लिवलेली आसत. तेंका आता कोण इचारणा नाय."

काका गंभीर झाले. "म्हणजे इतकी वर्षां कोणी बोलवूक नाय तेंका? मगे ते बेगीन ऐकतले."

दुपारी बारा वाजता, किनाऱ्यावर, गावच्या देवांच्या रांगेत त्यांनी ती तिन्ही नावं आदरानं घेतली. "होय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत मीही होते. लाज वाटत होती, तरी म्हटलं.

तिसऱ्या दिवशी मचवा आला! इनासचा नुसता सापळा उरला होता. सुकाणू मोडलेलं, पिण्याचं पाणी संपलेलं, चहूकडे नुसता दर्या...

"आणि भर दुपारी कुत्रो भुंकाक लागलो," तो म्हणाला. "आमी चौघांनीय ऐकलां. तांडेल म्हणालो, कुत्रो आसा थंय जमीन आसतली. त्या आवाजाच्या दिशेन वल्ही मारीत रवलंव. दुसऱ्या दिवशी निवतीचो किनारो दिसलो. पण थंय कुत्रो खंयच नाय."

दिवस कोणता, विचारलं. गाऱ्हाण्याचाच.

वाऱ्यावर आवाज लांबून येतो, अशी मी मनाची समजूत घातली.

इस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे पाप कबूल करायला, गेले. निभज, तर्ताक, अशीमा या परक्या देवांची नावं गाऱ्हाण्याला दिली, एवढंच सांगितलं. कुत्र्याचा विषयही काढला नाही. पाद्रीबाब विद्वान, जाळीपलीकडे हसले. "निभज? जुने यहुदी गुरू म्हणत, त्याचं रूप कुत्र्याचं होतं."

मी बोटांवर दिवस पुन्हा मोजले.

"पुन्हा असं करणार नाहीस ना?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. जीव भाऊ परत मिळाल्याच्या आनंदात होता, आणि तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं.

पण पुढच्याच महिन्यात इनास पुन्हा मचव्यावर चढला. शीड दिसेनासं झालं आणि माझ्या तोंडून निभजचं नाव निघालं. नंतर त्याच्या प्रत्येक खेपेला निघत राहिलं. तो दरवेळी सुखरूप आला. योगायोग म्हणा, काही म्हणा, मला अजून उलगडलेलं नाही... मात्र जे सोडायची तयारी नाही ते पाप कबूल करण्यात काय अर्थ? मी कुमसाराला जाणं बंद केलं. कुमसार केल्याशिवाय कम्युनियनचा प्रसाद घेता येत नाही; मिसाला सगळे तो घ्यायला उठायचे, मी बाकावरच बसून राहायचे.

आई मरेपर्यंत विचारत राहिली, "गो, तू कम्युनियनाक कित्याक उठणस नाय?"

तिचा मुलगा तिच्याशेजारी बसलेला असायचा. मी त्याच्याकडे बघायचे.