आग मोठी होती, असं मी म्हणाले

दीड महिना झाला. त्या दिवशी मी इथं म्हैसुरातच, गोकुलमला लेकीकडे होते. सकाळच्या वेळी तिच्या गल्लीतून परदेशी पोरं-पोरी काखेत सतरंजीची गुंडाळी धरून योगाला जातात. ते बघत मी गॅलरीत कॉफी पीत होते, तेवढ्यात मुलाचा फोन आला. "आई, आत्या उठत नाही गं." मी म्हटलं, "उठत नाही म्हणजे काय रे?" पन्नाशीला आलेला माझा मुलगा, एकदम लहान होऊन हुंदके द्यायला लागला… मग मला कळलं. रिक्षात बसले. बन्नीमंटपाजवळ आमचं घर, तिथवर पोचेस्तोवर डोळ्यांत पाणी आलं नाही. एकच विचार घण मारल्यासारखा डोक्यात बसत होता: आता कुणाला सांगणार? आता कुणाला सांगणार?

गेल्या त्या माझ्या नणंद, वत्सलावन्सं. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही, मुलींच्या हायस्कुलात जीवशास्त्र शिकवलं, आणि पन्नास वर्षं आम्ही दोघी एका छपराखाली राहिलो. मी चौथीपर्यंतच, तीही कन्नड शाळेत. मराठी अक्षरं सासूबाईंच्या पोथीवर बोट ठेवून शिकले. आमचे पूर्वज इकडे फौजेत आले आणि इथलेच झाले, त्यामुळे आमची मराठी थोडी कन्नडात भिजलेली असते, तेवढं सांभाळून घ्या.

निवृत्त झाल्यावर बाकीच्या बायका काशीला जातात, वन्सं टेकडीवर गेल्या. सोसले गावाच्या पुढे, बसमधून उतरून तासभर चाललं की एक दगडाळ टेकडी लागते. एके काळी तिथं होन्नेचं रान होतं. होन्ने म्हणजे तुमच्याकडचा बिबळा. त्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवलं की पिवळं-तांबूस होतं, मधुमेहावर पितात. एवढ्या गुणाचं झाड असल्यावर माणूस ठेवतोय होय! तोडून तोडून वर चार म्हातारी झाडं उरलेली. त्यांच्या चकतीसारख्या शेंगा वेचून, घरी परातीत भिजवून, वन्संनी रोपं केली आणि गावातल्या पंचांना विचारून टेकडीच्या एका उतारावर लावली. पावसाळ्यात आठवड्याला दोन फेऱ्या. साडीवरून माझ्या नवऱ्याचा जुना शर्ट घालायच्या, डोक्याला पंचा. मी म्हणायची, "वन्सं, बसमधले लोक तुम्हाला भुईमूग विकणारी समजतील." त्या म्हणायच्या, "समजू देत की. निदान जागा तरी देतील बसायला."

आता खरं दुखणं सांगते. शिवरात्र उलटली की टेकडी पेटायची. गवत वाळून कुरकुरीत झालेलं, आणि जुनं जाळलं की वळवाच्या सरीनं कोवळं गवत येतं, म्हणून मेंढरंवाले काडी लावतात. तिथला सिद्दप्पा, मेंढरंवालाच, कबूल करायचा, "हो अम्मा, लावतो. मेंढरं काय तुमची पुस्तकं खातील?" दोघांचं भांडण बघण्यासारखं असायचं. त्या त्याला खडूनं शिकवल्यासारखं शिकवायच्या, तो मान डोलवायचा आणि पुढच्या वर्षी परत काडी. पण भांडून झालं की त्याच्याच तांब्यातलं पाणी पिऊन त्या खाली उतरायच्या.

पहिल्यांदा उतार जळाला तेव्हा मी धाय मोकलून रडले, आणि वन्सं शांत. म्हणाल्या, "सुम्मने इरि, वहिनी, रडू नका. पाऊस पडू द्या." पाऊस पडला, आणि काळ्या काटकीच्या बुडातून तांबूस कोंब! सगळ्यांना नाही, कुणाकुणाला. मग त्यांना नादच लागला. प्रत्येक रोपाशेजारच्या दगडाला त्या अॅल्युमिनियमच्या फुटक्या पातेल्यातून कापलेली पट्टी तारेनं बांधायच्या, खिळ्यानं नंबर कोरून. रोप जळलं तरी नंबर राहतो. आठ-नऊ वर्षं हेच. एकदा मला दाखवायला एक रोप त्यांनी उकरलं. वर करंगळीएवढी काटकी, खाली चांगला मुळ्याएवढा जाड कंद. "बघा, वहिनी, हिला आपण खुरटी म्हणतो. ही वर वाढतच नाही, खाली बळ साठवत बसते. वर्षाला जळते, वर्षाला उठते. आणि एक साल असं येतं की एकदम उंच जाते, आगीचा हात पोचणार नाही इतकी." पहिल्या पावसाचं रोप आगीत जातं, तीन पावसाळे जमिनीत काढलेलं परत येतं. एवढं एक वाक्य त्यांनी आयुष्याच्या शेवटच्या भागात कमावलं होतं. ते सांगताना त्यांचा चेहरा बाळंतिणीसारखा दिसायचा.

मग नवव्या साली त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. न्हाणीघरात घसरल्या. अडीच महिने दवाखाना आणि अंथरूण. आणि नेमकी तेव्हाच टेकडी पेटली. कळल्यावर मी एकटीच बघायला गेले. सगळा उतार काळा, पायाखाली राख, आणि त्या राखेत चाळीस-पन्नास काळ्या काड्या उभ्या. मला वाटलं, हे बघून ही बाई पुन्हा अंथरूण धरेल. आमच्या सासूबाई सांगायच्या, आजारातून उठलेल्या माणसाच्या नजरेला करपलेलं पडू नये. घरात कुणी बरं होऊन उठलं की आम्ही काळी भांडीसुद्धा राखेनं घासून ठेवतो. मी म्हटलं, हेही स्वच्छ करून ठेवावं. पावसाळ्यात दुसरी लावू, हिरवी.

कोंब फुटलेले मी डोळ्यांनी पाहिले होते हो! मुळ्याएवढा कंद पाहिला होता. तरीसुद्धा… या वेळी नाहीच येणार असं मनानं घेतलं. भीती असली की माणूस शिकलेलं विसरतं. गावातल्या दोन बायका घेतल्या, पहार घेतली आणि उपटत सुटले. सिद्दप्पा मेंढरं सोडून धावत आला. "अम्मा, बेडा! बेरल्लि जीव इदे." नको, मुळात जीव आहे. मला वाटलं, आग लावणारा हाच, आता साळसूद बनतोय. "तू बोलू नकोस," म्हणाले. शेवटचं रोप उपटताना मूळ मध्येच मोडलं. आत ओलं होतं. बोटांना लाल रस लागला… होन्नेचा रस रक्तासारखाच असतो. मी तशीच बसले. मागे कंदांचा ढीग पडला होता. परत लावावेत तर पहारीनं निम्मे चिरलेले, वर उन्हाळा, पाण्याचा थेंब नाही. बायकांना सांगून तो ढीग दगडाच्या जुन्या खाणीत टाकला.

श्रावणात वन्सं काठी टेकत आल्या. हात मी धरला होता. खड्डे पावसानं बुजले होते, वर गवत. त्या एकेका पट्टीपाशी वाकल्या. पहिल्या दहा पाहिल्या. मग खालीच बसल्या. "एकही फुटलं नाही, वहिनी." मी तेव्हा सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. आणि बाहेर पडलं ते भलतंच. "यंदा आग फार मोठी होती, वन्सं."

सिद्दप्पा पलीकडे उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. वन्सं त्याला जे बोलल्या, ते मी इथे लिहीत नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून तसलं कधी ऐकलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चकार शब्द काढला नाही.

त्यानंतर त्या टेकडीवर गेल्या नाहीत. दसऱ्याला बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींची कवायत असते, आमच्या गच्चीवरून उजेड दिसतो, पाहुण्यांची झुंबड उडते. वन्सं आपल्या खोलीची खिडकी लावून आत बसायच्या. मी कॉफी घेऊन जायची. दर वर्षी जिन्यात ठरवायची, आज सांगते. आणि दर वर्षी कप ठेवून खाली यायची. एकदा त्या आपणहून म्हणाल्या, "नऊ वर्षं मी मनाचे खेळ करत होते, वहिनी. लहान आग होती म्हणून उठायची ती. मी त्याला ज्ञान समजले." मी म्हटलं, "कॉफी निवतेय." सहा दसरे असे गेले.

तेराव्यानंतर शिल्पा आली. कॉलेजातली मुलगी, तिच्या सोबत्यांना त्याच टेकडीवर पुन्हा रान उभं करायचंय. वन्संची रोपांच्या टिपणांची वही तिला हवी होती. मी काढून दिली. तिनं शेवटचं पान कन्नडात मोठ्यानं वाचलं: होन्नेची रोपं, कितीही पावसाळे काढलेली असोत, आगीत टिकत नाहीत. माझी समजूत चुकीची होती. मुलीनं वही मिटली. "मग आंटी, आम्ही होन्ने लावणारच नाही. वर आता एक-दोनच म्हातारी झाडं उरलीत, त्यांच्यानंतर संपलंच ते." मी काय म्हटलं असेन? "साखर किती घालू?" म्हटलं. वही घेऊन ती गेली.

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला घेऊन सिद्दप्पाकडे गेले. म्हातारा झालाय, मेंढरं विकली. मी हात जोडले, सगळं बोलले. त्यानं हातातली बिडी बाजूला ठेवली. म्हणाला, "मला ठाऊक होतं, अम्मा. मी आग लावली हेही खरंच होतं, म्हणून गप्प बसलो. पण त्यानंतर त्या माझ्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत… थोडं लवकर यायचं होतंत."

शिल्पाला मी फोनवर अर्धंमुर्धं सांगितलं. ती सोमवारी वही परत आणणार आहे. मी वन्संच्या खोलीत बसून हे लिहितेय. टेबलावर त्यांचं लाल शाईचं पेन आहे. शाळा सुटली तरी त्यांची तपासायची खोड सुटली नाही. माझ्या पत्रांवर, दुधवाल्याच्या चिठ्ठीवर, लग्नपत्रिकांवरसुद्धा लाल गोल करायच्या. स्वतःच्या वहीत मात्र त्यांनी खऱ्यावरच काट मारली, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून. ते पेन अजून चालतं, आत्ताच हातावर ओढून बघितलं. सोमवारी त्या शेवटच्या ओळीखाली माझ्या वेड्यावाकड्या कन्नडात लिहीन: ही रोपं आगीनं मेली नव्हती. मुळं जिवंत होती. वहिनीनं उपटली.