डावा स्पीकर

आमचे हे कवळ्या करतात. दिवसभर लोकांचे दात आणि घरी आले की स्पीकर. कवळीच्या साच्याचं प्लास्टर ओतून ह्यांनी दोन स्पीकर घडवले, माझ्या कमरेएवढे, पांढरेफटक. लाकडापेक्षा प्लास्टर बरं, ते थरथरत नाही, असं ह्यांचं म्हणणं. थरथरत होते मी, रागाने! घरातली एकुलती एक जास्तीची खोली त्या दोघांनी गिळली होती आणि माझं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, शेगडीला खेटून. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कांद्याचा वास यायचा.

शेवटी मी निर्वाणीचं सांगितलं. "कुणातरी जाणत्याला बोलवा. त्यांनी चांगलं म्हटलं तर खोली तुमची. नाहीतर हे भंगारात आणि माझं मशीन आत."

"बोलावतोच!" हे म्हणाले. आणि खरंच बोलावले की! स्टिरिओची परीक्षणं लिहिणारे दोघे, एक दाढीवाले, एक टकलू.

दाढीवाल्यांनी आल्या आल्या खोलीच्या मधोमध उभं राहून टाळ्या वाजवल्या. अगं बाई, अजून काही लागलंच नाही आणि दाद? ह्यांनी तर वाकून आभारसुद्धा मानले.

"खोली किती घुमते ते बघतोय," दाढीवाले म्हणाले.

मग व्हायोलिनची तबकडी लागली. टकलूंनी डोळे मिटले. हे डाव्या स्पीकरपाशी उभे, घामाघूम.

"डावीकडून घरघर येतेय," टकलू म्हणाले.

ह्यांनी वायर बदलली. घरघर आहेच. मग ह्यांनी धापा टाकत स्पीकरांची अदलाबदल केली आणि आपल्या लाडक्याबरोबर उजवीकडे जाऊन उभे राहिले.

"आता उजवीकडून!" दाढीवाले म्हणाले. "म्हणजे दोष ह्याच स्पीकरात."

दारात उभ्या उभ्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. घरघर ह्यांच्या नाकातून येत होती! गाणं आवडलं की हे गुणगुणतात आणि ह्यांना त्याचा पत्ताच नसतो. लग्नापासून ऐकतेय मी.

गप्प बसले असते तर खोली माझी होती. मशीन कुठं ठेवायचं तेही मनात ठरलं, खिडकीपाशी, उजेडात. पण ह्यांचं तोंड एवढंसं झालेलं मला बघवेना.

"अहो, जरा बाहेर या."

"आत्ता?"

"आत्ताच!" दंडाला धरून बाहेर काढलं आणि दार ओढून घेतलं. आपल्याच हाताने पायावर धोंडा मारून घेतला म्हणा.

तबकडी संपल्यावर टकलू बाहेर आले. "असा स्वच्छ आवाज मी फार कमी घरांत ऐकलाय," ते म्हणाले. "दोष एकच. मालक गुणगुणतात."

खोली ह्यांची झाली. मला वाटलं, आता हे हवेत तरंगतील. कसलं काय! परवा डोकावले तर हे नाकातोंडावर रुमाल दाबून खुर्चीत बसलेले. श्वाससुद्धा बेताने. व्हायोलिन मात्र लख्ख.

"हे काय चाललंय?"

"ऐकतोय," रुमालाआडून उत्तर आलं. "मी गुणगुणलो की बिघडतं गं."

मेला तो स्वच्छ आवाज! माझं डोकंच फिरलं.

"ते दोघे काय इथं राहायला येणार आहेत? काढा तो रुमाल. गुणगुणा बघू. नाहीतर आत्ताच्या आत्ता मशीन आत आणते!"

ह्यांनी रुमाल खाली घेतला. बिचकत सुरुवात केली. सूर ह्यांना कधी लागला नव्हता, तसा तो तेव्हाही लागला नाही. मी आत आले आणि दार लावून घेतलं.