कमरेला बांधायची चटई

आमच्या घरी टोंगाचा विषय निघाला की नवरा समुद्राबद्दल बोलतो. पाणी किती निळं, मासे किती रंगीत, रविवारी अख्खं बेट कसं चिडीचूप असतं. पाहुणे कौतुकाने ऐकतात. मी उठून स्वयंपाकघरात जाते, कारण तिथेच बसले तर चारचौघांत भांडण होईल.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. आम्ही मिशिगनमध्ये, ट्रॉयला राहत होतो. नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर, मी एका लॅबमध्ये रक्त तपासायचे. माझा मोठा भाऊ डॉक्टर. त्याने टोंगाच्या दवाखान्यात दोन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट घेतलं आणि वहिनीला घेऊन पॅसिफिकच्या मध्यावरच्या त्या चिमुकल्या देशात जाऊन राहिला. नकाशात तो देश शोधायला मला भिंग घ्यावं लागलं होतं. एका जानेवारीत गाडीचं दार गोठून उघडेना, मी ड्राइव्हवेवर उभी राहून रडले, आणि त्याच आठवड्यात आम्ही तिकिटं काढली.

तिथे गेल्यावर पहिले दोन दिवस मी फक्त ऊन खाल्लं. दादाचं घर पत्र्याचं, बैठं. अंगणात शेजाऱ्यांची डुकरं मोकळी फिरायची आणि वहिनी त्यांना मराठीत हाकलायची. शाकाहारी बाई, पण तिने तिथेही आपला संसार मांडला होता. अळकुड्या मिळायच्या, नारळ तर मुबलक. अंगणातल्या लिंबांचं तिने बरणीभर लोणचं घातलं होतं, खास माझ्या नवऱ्यासाठी.

शेजारची म्हातारी रोज संध्याकाळी यायची. उंच, भरदार, हसली की खांदे हलायचे. तिला थोडं इंग्रजी यायचं. मी मिशिगनची म्हटल्यावर तिने माझा हात धरला तो सोडेचना. तिचा धाकटा मुलगा ॲन आर्बरला शिकत होता. आमच्या घरापासून तासाभराच्या आत. पाच वर्षांत तिने त्याला पाहिलं नव्हतं. मे महिन्यात तो तिथेच एका अमेरिकन मुलीशी लग्न करणार होता आणि तिला जाता येणार नव्हतं. प्रवासाचं नाव काढलं की दादा तिच्या छातीला नळी लावून नाही म्हणायचा.

निघायच्या आदल्या दिवशी ती जुन्या चादरीत गुंडाळलेली एक चटई घेऊन आली. तिथे मोठ्या प्रसंगाला पुरुष काय आणि बायका काय, कमरेभोवती चटई गुंडाळतात आणि वरून काथ्याची दोरी बांधतात. त्याशिवाय मोठ्यांसमोर उभं राहणं म्हणजे उघड्याने उभं राहण्यासारखं. ही चटई केवड्याच्या जातीच्या पानांची होती, इतकी बारीक विणलेली की हाताला कापडासारखी मऊ लागे. रंग मधासारखा झालेला, कडा झिजून सुटलेल्या, दोन ठिकाणी विरलेली. तिच्या आजीने विणली होती. तिच्या नवऱ्याने लग्नात बांधली, दोन्ही थोरल्या मुलांनी बांधली. आता या मुलाची पाळी.

तिने मला अंगणात उभं केलं आणि माझ्याच कमरेला ती बांधून दाखवली. मग सोडली आणि माझ्याकडून स्वतःला बांधून घेतली. माझी गाठ सैल झाली, तेव्हा तिने मान हलवून पुन्हा करायला लावली. तिसऱ्यांदा जमलं.

"लग्नाच्या दिवशी त्याला तू बांध," ती म्हणाली. "मी तिथे नसणार. बाईच्या हाताने बांधली जाऊ दे."

मी हो म्हटलं. नुसतं हो नाही, तिच्या पाया पडून हो म्हटलं.

नवरा व्हरांड्यात बसून हे सगळं बघत होता. आत आल्यावर म्हणाला, "ही फाटकी चटई न्यायची? नवी नाही का मिळत?" दादा त्याच्यावर चांगलाच उखडला. इथे चटई जितकी जुनी आणि जितकी झिजलेली तितका तिचा मान मोठा, हे त्याने समजावून सांगितलं. हे मी मुद्दाम लिहिते आहे. नवऱ्याला ठाऊक नव्हतं असं कोणी म्हणू नये. त्याला सगळं ठाऊक होतं.

मी चटई माझ्या बॅगेत सर्वांत वर ठेवली. वहिनीच्या लोणच्याची बरणी नवऱ्याने आपल्या पॅंटच्या पायात सरकवली, वर दुसरी पॅंट गुंडाळली, आणि ती बॅगेच्या तळाशी गेली. ही आम्हा लोकांची विद्या. भारतातून येताना गोडा मसाला, कुरडया, आंब्याचं लोणचं, सगळं असंच येतं. विमानात फॉर्म मिळतो, त्यात झाडपाल्याचं, खाण्याचं काही आहे का विचारतात, आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक खुशाल 'नाही'वर खूण करतो. याही वेळी नवऱ्याने केली आणि मी बघत होते. तो दोष माझाही आहे.

होनोलुलूला अमेरिकेच्या कस्टम्ससाठी बॅगा हातात आल्या आणि मी बाथरूमला गेले. बायकांची रांग लांब होती. परत आले तर नवरा ढकलगाडी धरून शांत उभा होता. आम्ही अधिकाऱ्यासमोरून गेलो, त्याने काही उघडायला लावलं नाही, आणि नवरा माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, लोणचं सुटलं म्हणून हसतोय.

ट्रॉयला पोचल्यावर बॅग उघडली. चटई नव्हती.

"अगं, आपल्या पुढचा माणूस होता ना, त्याचा बॉक्स त्यांनी अख्खा ओपन केला," तो म्हणाला. "मी पाहिलं आणि मला टेन्शन आलं यार. फॉर्मवर क्लिअर विचारलंय, प्लांट्स वगैरे. आपला सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू एप्रिलमध्ये आहे. एका चटईसाठी रेकॉर्ड खराब करायचं?"

"मग कुठे आहे ती?"

"तिथे डस्टबिन होता. टाकून दिली."

"आणि लोणचं?"

बरणी तोपर्यंत त्यानेच काढून ओट्यावर ठेवली होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भीती वाटली, हे मला समजतं. परदेशात कागदांची भीती आम्हा सगळ्यांना वाटते. पण भीती वाटलेल्या माणसाने लोणचंही टाकलं असतं. याने बॅग उघडली, आपलं काय आणि दुसऱ्याचं काय ते नीट पाहिलं आणि दुसऱ्याचं टाकलं. मी बाथरूममधून यायची वाटही पाहिली नाही, कारण मी टाकू दिली नसती हे त्याला पक्कं माहीत होतं. ती बरणी मी तशीच उचलून सिंकमध्ये रिकामी केली. त्यावर तो म्हणाला, "वहिनीने एवढ्या प्रेमाने दिलेलं!" हे त्या माणसाने म्हणावं.

होनोलुलूच्या विमानतळावर मी चार फोन केले. चौथ्या वेळी एक बाई दयेने म्हणाली की कचरा रोज जातो.

पुढच्या शनिवारी मी नवऱ्याला गाडीत बसवलं आणि आम्ही ॲन आर्बरला गेलो. मुलगा आईसारखाच उंच होता आणि त्याचेही खांदे हसताना हलत होते. त्याच्या एवढ्याशा खोलीत त्याने टेबल पुसून मोकळं करून ठेवलं होतं. चटई ठेवायला. मी तोंड उघडायच्या आत नवरा इंग्रजीत म्हणाला, "सॉरी, कस्टम्सवाल्यांनी काढून घेतली."

मुलगा गोंधळला. "असं होत नाही. माझ्या दोन्ही मावश्या आणतात. ते उघडून बघतात आणि परत देतात. त्यांनी काही कागद दिला का? मी फोन करतो."

तो खरंच पेन शोधायला लागला. नवरा माझ्याकडे बघत होता, मी सांभाळून घ्यावं म्हणून. बारा वर्षं मी सांभाळून घेतलं होतं. त्या दिवशी नाही घेतलं.

"कोणी काढून घेतली नाही," मी म्हटलं. "याने कचऱ्याच्या डब्यात टाकली. घाबरून."

तो टेबलाशी उभा राहिला. ओरडला नाही. त्याने नवऱ्याला एवढंच विचारलं, "टाकताना चादरीतून बाहेर काढली होती का?"

"नाही," नवरा म्हणाला.

"बरं, निदान उघडी नाही पडली," तो म्हणाला. मग त्याने आम्हाला चहा विचारला. आईला कळवू नका, तिचं हृदय आता एवढं सोसणार नाही, असं म्हणाला आणि लग्नाला नक्की या म्हणाला, कारण तुम्ही येणार असं आईने पत्रात लिहिलंय. त्याने आम्हाला हाकललं असतं तर मला बरं वाटलं असतं.

मे महिन्यात लग्न झालं, एका बागेत, तीसेक माणसांत. मी माझा लग्नातला शालू घडी करून नेला होता. चटई नाही तर निदान हे कमरेला बांधू, असं मला वाटलं. त्याने शालूवरून बोट फिरवलं, फार सुंदर आहे म्हणाला आणि माझ्या हातात परत दिला. "हे तुमच्या घरचं आहे," तो म्हणाला. माझा चेहरा कानापर्यंत तापला. त्याने काळा सूट घातला होता आणि सबंध वेळ दोन्ही हात कमरेच्या पट्ट्यापाशी धरून उभा होता.

फोटो काढायचं काम नवऱ्याने मागून घेतलं होतं. नवा कॅमेरा, नवी लेन्स, तेवढीच भरपाई. समारंभ संपल्यावर मुलगा बायकोला घेऊन त्याच्यापुढे झाडाखाली येऊन उभा राहिला.

"हे आईला पाठवायचे आहेत," तो म्हणाला. "फक्त छातीपर्यंत घ्या. खाली काही दिसायला नको. बांधली आहे असंच तिला वाटू दे."

नवऱ्याने कॅमेरा थोडा वर केला आणि अख्खा रोल तसाच काढला.