आठ नंबरच्या मुंग्या

मंडळी, या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर नाक मुरडायला वाचते. कुणाला पिंपळाखाली बाई दिसली की मी मनात म्हणणार, आधी चष्म्याचा नंबर तपासून घ्या. हायस्कूलवर सगळी नोकरी विज्ञान शिकवण्यात गेली. नारळातून धूर काढायचा, लिंबातून रक्त काढायचं आणि मग पोरांना त्यातली केमिकलं सांगायची, हा कार्यक्रम मी दर वर्षी केलाय. शिवाय आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातला देव्हारा उतरवला. भूत, करणी, अंगारा हे शब्द आमच्या उंबऱ्याच्या आत यायचे नाहीत.

म्हणून हे इतकी वर्षं मी स्वतःहून कुणाला सांगितलं नाही... भीती कधीच वाटली नाही, लाज वाटते. अजूनही वाटते. पण परवा घरात एचडीचा बॉक्स बसला आणि त्या दिवशी मी जे केलं, ते केल्यावर गप्प बसवेना. माझं नाव सुनंदा समजा. गाव मात्र खरं सांगते – निरगुडसर, तालुका आंबेगाव.

आमचे वडील, आप्पा, वायरमन होते. पावसापाण्यात, उसाच्या फडात, वडाला घासून गेलेल्या तारांवर, कुठंकुठं चढलेला माणूस. ते म्हणायचे, "भूत असतं तर मला खांबावर नसतं का भेटलं? चहा पाजला असता त्याला." बोलणं थोडं, पण ठाम. चिडले तरी आवाज चढायचा नाही.

नव्वदच्या दशकात गावात केबल आली तेव्हा आमच्याकडे आठ बटणांचा टीव्ही होता. बटण दाबलं की बारक्या खिडकीत लाल आकडा पेटायचा. प्रत्येक बटणामागं चॅनेल शोधायचं इवलंसं चाक असे, ते ज्यानं फिरवलं त्याच्या मर्जीनं नंबर लागायचे. त्यामुळं शेजारी पिक्चर पाचवर लागायचा तो आमच्याकडे तीनवर. दुसऱ्याच्या घरी गेलं की आधी विचारायचं, तुमच्याकडं पिक्चर कितीवर? आमच्या घरचे नंबर आप्पांनी लावलेले, आणि त्यांनी आठवं बटण मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. ते दाबलं की पडद्यावर नुसत्या मुंग्या आणि खर्र आवाज.

त्याचा उपयोग एकच. घरात कुणी पाहुणा भुताखेताचं, करणी-भानामतीचं बोलायला लागला की आप्पा उठायचे आणि एक अक्षर न बोलता आठ दाबायचे. सगळं घर मुंग्या बघत बसायचं. पाहुण्यानं विषय बदलला की आप्पा परत बातम्या लावायचे. किती लोक आमच्याकडून रुसून गेलेत याची गणती नाही, आईची एक नणंद तर दोन दिवाळ्या आली नाही. पुढं आमच्या घरात ती बोलण्याची रीतच पडली. कुणी काही बाष्कळ बोललं की धाकटा भाऊ मिलिंद म्हणायचा, "ताई, आठ लागलंय तुझं."

आप्पा गेले ते अचानक, छातीत कळ येऊन. विहारातल्या भंतेजींना बोलावून जलदान विधी केला. कावळ्याला घास नाही, दहावा नाही, त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

जुना टीव्ही पुढं बिघडला. मिलिंदचं कळंबला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, त्याला असल्या वस्तूंची हौस. त्यानं नवा टीव्ही आणला आणि पत्र्यावर डिश बसवली. केबल गेली आणि घरोघरचे नंबरही गेले. आता सगळ्यांना एकच नंबर, तोही तीन आकडी. बातम्या एका शेकड्यात, मालिका दुसऱ्यात. आई शाळेत गेलेली नाही, तिला आकडे ओळखीचे ते आठपर्यंतच. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ह्यात आठ कितीवर लागतं?" मी गंमत म्हणून आठ दाबून दाखवलं. बॉक्सच्या खिडकीत क्षणभर आठ दिसला, पडद्यावर 'हा चॅनेल उपलब्ध नाही' अशी पाटी आली आणि परत मालिका सुरू झाली. त्या टीव्हीत मुंग्या तर नव्हत्याच. वायर काढली तरी निळा पडदा यायचा. आई हसली, म्हणाली, आप्पांचं बटण गेलं म्हणायचं.

मग आईची शुगर वाढली आणि पायाच्या अंगठ्याला जखम झाली. मंचरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज पट्टी बदलायला सांगितली. जखम भरत येत होती. तेवढ्यात पिंपरी पेंढारहून रखमामावशी आली, आईची धाकटी बहीण. मावशी वाईट नाही हो. आईच्या दुखण्यानं ती खरंच कासावीस झालेली. पण तिच्या ओळखीचा कुणी अंगारा देणारा माणूस होता, आणि त्यानं तिला सांगितलं होतं की मालकाचं मागं राहिलंय, दहाव्याला घास दिला नाही, तोच बायकोचा पाय ओढतोय. डॉक्टरची गोळी पोटात असेपर्यंत अंगारा लागू पडणार नाही, असंही त्यानं बजावलेलं.

आणि आईनं ते ऐकलं. गोळ्या बंद, पट्टी बंद, जखमेत राख. मी शाळेत, मिलिंद दुकानावर, आम्हाला पत्ता नाही. कळलं तोवर अंगठा काळा पडला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, उद्याच्या उद्या ॲडमिट करा, नाहीतर घोट्यापासून पाय काढावा लागेल. आई हटून बसली. मी समजावलं, चिडले, रडले. मिलिंदनं पाय धरले. काही उपयोग नाही. जन्मभर अंगाऱ्याविरुद्ध बोललेल्या माणसाच्या बायकोच्या पायाला अंगारा, आणि पाय ओढणारा कोण तर तोच माणूस... माझा जीव नुसता जळत होता.

त्याच दिवशीची भरदुपार. आई पलंगावर, मावशी तिच्या उशाशी, मी समोर खुर्चीत. आईची मालिका लावलेली, आवाज बारीक. दोन्ही रिमोट माझ्या मांडीवर होते, मीच आवाज कमी केला होता. मावशी आईला सांगत होती की अमावास्येला दाजींच्या नावानं उतारा टाकू, मग बघ कसा पाय मोकळा होतो.

खर्र आवाज आला. वर बघितलं तर पडद्यावर मुंग्या. पूर्ण पडदाभर, जुन्या टीव्हीवर असायच्या तशा काळ्यापांढऱ्या. आणि बॉक्सच्या खिडकीत तीन आकडे नव्हते. एकच होता, लाल आठ.

मावशी बोलायची थांबली तशी मालिका परत आली.

आईचा हात पदरावर थांबला होता. मी म्हटलं डिश हलली असेल. बाहेर जाऊन बघून आले. पान हलत नव्हतं. परत येऊन बसले आणि पुढं मी जे केलं ते आठवलं की आजही कान तापतात. एकदा झालं तर योगायोग, परत करून बघावं, हे मीच पोरांना शिकवलेलं. मी म्हणाले, "मावशी, मघाशी काय म्हणत होतीस? परत म्हण."

मावशीनं परत सांगितलं. उताऱ्याचा 'उ' निघाला न निघाला तोच मुंग्या. मग मी तिला कांद्याचं विचारलं, यंदा पेंढारला काय भाव चाललाय, आणि मालिका आली. कांद्यावर ती बरंच बोलली, पडदा शांत. मग म्हटलं, आता अंगाऱ्याचं सांग. परत आठ. विज्ञान शिकवणारी बाई भरदुपारी टीव्हीवर भुताचे प्रयोग घेत बसली होती, मंडळी. चौथ्यांदा सांगायला गेले तर मावशी भिंतीला टेकून म्हणाली, "मी न्हाई बोलायची, सुनंदे. माझी जीभच वळंना."

आईच्या डोळ्यातून पाणी गळत होतं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि टीव्हीकडं बघत, आप्पा समोर असताना बोलायची त्याच वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "कळलं. आता बास करा. जाते मी डाक्टरकडं." मग माझ्याकडं वळून चप्पल मागितली. मिलिंदला फोन करून गाडी बोलावली. अंगठा गेला, पाय वाचला. त्याच पायावर आई पुढं बरीच वर्षं चालली.

मिलिंदनं दुसऱ्याच दिवशी टीव्ही उघडला. काही सापडेना. डिशवाला मंचरहून आला, तो म्हणाला, या बॉक्सला आठ नंबरच नाही आणि डिजिटलला मुंग्या येतच नाहीत, तुमचा काहीतरी गैरसमज झालाय ताई. मी तेच पोरांच्या आयांना किती वेळा म्हटलंय. मिलिंदनं नंतर त्या बॉक्ससमोर बसून मावशीचं सगळं भाषण म्हणून बघितलं, तिच्या आवाजात, हेल काढून. काही झालं नाही. परत कधीच झालं नाही.

मला मात्र दोन्हीकडून लाज. आप्पांनी आठ लावलं म्हणावं, तर तेच भूत ठरतात. आयुष्यभर भूत नाही म्हणणाऱ्या बापाला मुलीनंच भूत करायचं? आणि काही झालंच नाही म्हणावं, तर मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, तेही तीनदा, तपासून.

आईला असली काही अडचण नव्हती. ती सगळ्यांना सांगत सुटली, ह्यांनी आठ लावलं आणि माझा पाय राहिला. एका रविवारी वंदना झाल्यावर तिनं विहारात सांगितलं. आप्पांचे जुने सोबती, एक रिटायर्ड गुरुजी, तिथं बसले होते. दोघांनी मिळून गावातले कितीतरी ताईत-गंडे सोडवलेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडं बघितलं.

"सुनंदा, तू तर तिथंच होतीस. काय झालं होतं?"

सगळा विहार माझ्याकडं बघत होता. आई पण. मी सतरंजीकडं बघत म्हणाले, "काहीतरी लूज असेल, गुरुजी."

घरी येताना आई माझ्या पुढं चालत राहिली. मला वाटलं दुखावली. ओढ्यापाशी थांबली, पायातली चप्पल नीट केली आणि विचारलं, "लूज व्हतं व्हय?"

मी म्हटलं, माहीत नाही.

"आसू दे," ती म्हणाली. "तू म्हणलीस तेच ह्यांना आवडलं आसतं."

त्यानंतर आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नाही. आईला जाऊनही आता बरेच दिवस झाले.

तर परवाचं. एचडीचा बॉक्स बसवायला माणूस आला. त्यानं समजावून सांगितलं की जुने साधे चॅनेल आहेत तिथंच आहेत, एचडीचे वेगळ्या नंबरांवर आलेत, म्हणजे एकच चॅनेल आता दोनदा दिसेल, एकदा साधा आणि एकदा स्वच्छ. मग रिमोट माझ्या हातात दिला, म्हणाला, चालवून बघा ताई. मी आठ दाबलं. कशाला दाबलं देव जाणे... बघा, तोंडात काय आलं. पडद्यावर तीच पाटी, 'हा चॅनेल उपलब्ध नाही'. तो म्हणाला, आठवर काही नाही ताई. मी हो म्हणाले आणि डोळे पुसले. ड्रिलची धूळ गेली डोळ्यात, असं त्याला सांगितलं.

तो गेल्यावर मी दार लावून घेतलं. बातम्यांचा चॅनेल लावला, समोर बसले आणि बोलायला लागले. मोठ्यानं, एकटीच. माझे गुडघे दुखतात ते कुणीतरी केलंय म्हणाले. अमावास्येला उतारा टाकणार म्हणाले. पेंढारच्या माणसाकडून अंगारा आणणार, ताईत बांधणार, डॉक्टरच्या गोळ्या बंद करणार म्हणाले. मावशीचं होतं नव्हतं तेवढं सगळं म्हणाले आणि शेवटी तर, बघताय ना आप्पा, असंही म्हणाले.

त्या दुपारी काय झालं होतं ते मला आजही सांगता येत नाही. सांगता येतं ते एवढंच, की मी घसा दुखेपर्यंत बोलत होते आणि बातम्या चालू होत्या. एकदम स्वच्छ. चित्र एकदाही हललं नाही.